तुळईचा पीळ आणि आगीतली नव्वद मिनिटं

लाकडी तुळई वाकून मोडते, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्यामुळे तपासणी बेंडिंगपासून, म्हणजे वाकण्यापासून, सुरू होते, मग शिअर, म्हणजे लाकडाचे थर एकमेकांवर सरकवणारा जोर, मग डिफ्लेक्शन, म्हणजे लवणं, आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. पीळ, म्हणजे टॉर्शन, आम्ही आधी घेतो. ज्या तुळईला एकाच बाजूने कड्या, म्हणजे मजला पेलणारी आडवी लाकडं, जोडल्या आहेत तिथे तर पहिल्यांदा तोच. आग धरून तपासायचं असेल तेव्हा हा क्रम का बदलावा लागतो, हे एका तुळईचे आकडे शेवटापर्यंत नेल्याशिवाय पटत नाही. म्हणून इथे एकच तुळई घेतली आहे.

तुळई ग्लुलॅमची, म्हणजे एकमेकींवर चिकटवलेल्या फळ्यांची, दर्जा जीएल२४एच, रुंदी २०० मि.मी., उंची ४०० मि.मी., स्पॅन ६ मीटर. घराच्या मजल्याची ही कडेची तुळई. आतल्या बाजूने ४ मीटर लांबीच्या कड्या दर ६०० मि.मी.वर तिच्या अंगाला जोडलेल्या, बाहेरच्या बाजूला काही नाही. मजल्याचा कायमचा भार १.८ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, वापराचा भार २.०. तुळईच्या वाट्याला २ मीटर रुंदीची पट्टी येते, म्हणजे प्रति मीटर ३.६ आणि ४.० किलोन्यूटन. तिचं स्वतःचं वजन ०.३४, पण ते मध्यावरून जातं, त्याचा पीळ होत नाही. नियम युरोकोड ५ चे, म्हणजे लाकडी बांधकामाच्या युरोपीय संहितेचे, जर्मन राष्ट्रीय परिशिष्टासह.

सुरुवातीचा प्रश्न आकड्यांचा नसतोच. पीळ खरा आहे की मॉडेलने तयार केलेला, हे आधी ठरवायचं. ग्रिडचं मॉडेल बांधताना कड्यांची टोकं तुळईला घट्ट जोडली, तर कडी वाकली की तुळई तिच्यासोबत फिरते आणि सॉफ्टवेअर भलामोठा टॉर्शन दाखवतं. प्रत्यक्षात तिथली जोडणी तेवढी घट्ट नसते. कडीच्या टोकाला बिजागरी दिली की हा पीळ नाहीसा होतो आणि इमारत उभीच राहते. असा पीळ सोडून द्यायला हरकत नाही. पण कडी तुळईच्या अंगावर टेकते, मध्यापासून दूर, त्यातून येणारा पीळ सोडता येत नाही. तो काढून टाकला तर तोल साधायला दुसरं काहीच उरत नाही, तुळई गडगडेल.

गंमत अशी की सॉफ्टवेअरमध्ये नेमका हाच खरा पीळ हरवतो. तिथे तुळई म्हणजे मध्यातून जाणारी एक रेघ. कडीची रेघ येऊन तिलाच मिळते, बिजागरी त्याच बिंदूवर बसते, आणि टॉर्शनचा आकडा येतो शून्य. तपासणीच्या कागदावर शून्य दिसलं की तो रकाना कुणी पुन्हा पाहत नाही. बिजागरी तुळईच्या मध्यात नाही, अंगावर आहे, हे सांगण्यासाठी मध्यापासून अंगापर्यंत एक ताठ दुवा द्यावा लागतो. आम्ही तर हा पीळ हातानेच काढतो. एक गुणाकार आहे, आणि तो करताना आपण कोणतं अंतर धरतोय ते डोळ्यांसमोर राहतं.

ते अंतर म्हणजे अर्धी रुंदी आणि वर थोडं. पत्र्याचा जॉइस्ट हँगर, म्हणजे कडीचं टोक झेलणारा पत्र्याचा खोबा, असेल तर कडी ज्या ओठावर बसते, त्याचा भार तुळईच्या अंगापासून सुमारे ३० मि.मी. पुढे धरायचा. म्हणजे १०० अधिक ३०, एकूण १३० मि.मी. फक्त १०० धरणारे पुष्कळ असतात, आणि तिथेच जवळजवळ चौथा हिस्सा पीळ गळतो.

आता आकडे. सुरक्षेचे गुणक लावलेला भार १.३५ × ३.६ अधिक १.५ × ४.०, म्हणजे १०.८६ किलोन्यूटन प्रति मीटर. गुणिले ०.१३ मीटर, १.४१ किलोन्यूटन-मीटर प्रति मीटर. दोन्ही टोकं फिरू नयेत अशी धरलेली असतील तर निम्मा पीळ एकेका टोकाला जातो, म्हणजे ४.२४ किलोन्यूटन-मीटर. हा भार सलग धरला आहे. प्रत्यक्षात दोन खांबांमध्ये नऊच कड्या पीळ देतात आणि पहिली कडी टोकापासून ६०० मि.मी. आत असते, त्यामुळे खरा आकडा सुमारे १० टक्क्यांनी कमी येतो. ती सवलत आम्ही घेत नाही. जागेवर कड्या थोड्या सरकतात, एखादी वाढते.

पिळाला लागणारा सेक्शन मॉड्युलस (छेदाचा आकार पिळाला किती पुरा पडतो याचं माप) म्हणजे एक गुणक × उंची × रुंदीचा वर्ग. रुंदी म्हणजे नेहमी लहान बाजू. गुणक उंची-रुंदीच्या प्रमाणावर अवलंबून असतो: चौरसाला ०.२०८, प्रमाण २ असेल तर ०.२४६, ३ ला ०.२६७, ४ ला ०.२८२, ५ ला ०.२९१, आणि अगदी पातळ पट्टीला ०.३३३. आपलं प्रमाण २, म्हणून ०.२४६ × ४०० × २००², साधारण ३९.४ लाख घन मि.मी. पिळाला याने भागलं की ताण आला १.०८ न्यूटन/मि.मी.².

ताकद काढताना लाकडाची शिअरची ताकदच धरतात, कारण पिळाने लाकूड तंतूंच्या दिशेने सरकून फाटतं. जीएल२४एचसाठी ती ३.५ न्यूटन/मि.मी.². मध्यम मुदतीच्या भारासाठी ०.८ या मुदतीच्या गुणकाने गुणून १.३ या सुरक्षा गुणकाने भागलं की २.१५. तिला पिळासाठी एक आकाराचा गुणक मिळतो, त्याला के-शेप म्हणतात. सर्वाधिक ताण लांब बाजूच्या मध्यावर एका अरुंद पट्टीतच येतो, सगळ्या लाकडात नाही, म्हणून ही वाढीव ताकद. गोल खांबाला हा गुणक १.२. आयताला सध्या १ + ०.०५ × उंची/रुंदी, जास्तीत जास्त १.३.

या गुणकापाशी क्षणभर थांबलं पाहिजे. २००४च्या मूळ पाठात तो १ + ०.१५ × उंची/रुंदी असा होता आणि मर्यादा २.० होती. नंतरच्या दुरुस्तीत तो बराच खाली आणला. पण जुनी एक्सेल शीट, जुनी पुस्तकं आणि कॉलेजच्या नोट्स यांत अजूनही ०.१५च सापडतो. शीट उघडल्यावर पहिल्यांदा त्या खान्यात काय आहे ते पाहावं. उभट तुळईला यामुळे किती फरक पडतो ते पुढे आगीत दिसेलच.

आपल्याकडे प्रमाण २, म्हणून के-शेप १.१, ताकद २.३७, आणि वापर, म्हणजे ताण ताकदीच्या किती पट आहे तो आकडा, १.०८ भागिले २.३७, म्हणजे ०.४५. तो १ च्या आत हवा. एकटा पीळ पाहिला तर तुळई निवांत आहे. पण शिअर त्याच जागी येतो. आयताकृती छेदात शिअर अर्ध्या उंचीवर सर्वाधिक असतो आणि पीळही लांब बाजूच्या अर्ध्या उंचीवरच. एका अंगावर दोन्ही जमा होतात, दुसऱ्या अंगावर वजा. मूळ युरोकोड ५ मध्ये या दोघांची एकत्र तपासणी दिलेली नाही, जर्मन परिशिष्टात आहे: पिळाचा वापर जसाच्या तसा, अधिक शिअरच्या वापराचा वर्ग, बेरीज १ च्या आत. टोकाचा शिअर ३३.९६ किलोन्यूटन. भेगांसाठी रुंदी ०.७१४ पटच धरून शिअरचा ताण ०.८९, वापर ०.४१, त्याचा वर्ग ०.१७. एकूण ०.६२. बेंडिंगचा वापर ०.६५. सगळं एका पातळीवर, म्हणजे नेहमीच्या अवस्थेत तुळई नीट निवडली आहे.

भेगांबद्दल थोडं. वाळताना पडणाऱ्या भेगा बहुधा उभ्या अंगाच्या मध्याजवळ, तंतूंच्या दिशेने पडतात. पिळाचा सर्वाधिक ताणही तिथेच. २०० × ४०० ची तुळई मध्यावर आरपार चिरून दोन चौरस छेदाचे तुकडे झाले असं धरलं, तर पिळाची ताकद सुमारे १५ टक्क्यांनी घटते, पण पिळाचा ताठरपणा तब्बल ३८ टक्क्यांनी. म्हणजे तुळई तुटण्याआधी फिरते. मजल्याच्या कडेला गिलावा किंवा काचेची चौकट असेल तर तीच आधी बोलते. आपल्या तुळईत, चीर नसताना आणि दीर्घकालीन क्रीप (भाराखाली वर्षानुवर्षं हळूहळू वाढणारी विकृती) धरून, मध्यभागी ०.७४ अंश फिरणं निघतं. ४०० मि.मी. उंचीवर ते ५ मि.मी. भरतं. काचेच्या चौकटीला हे खूप झालं, आणि चौकट बसवणाऱ्याला ते आधी सांगावं लागतं.

आता टोकं. तुळई फिरणार नाही असं आपण धरलं, पण तिला कोण धरतंय? टोकाची प्रतिक्रिया ३३.९६ किलोन्यूटन आणि पीळ ४.२४ किलोन्यूटन-मीटर. भागाकार केला की १२५ मि.मी. तुळईची अर्धी रुंदी १००. म्हणजे ती नुसती बुटात, म्हणजे तळाशी झेलणाऱ्या आधारात, बसवली आणि वरून एक बोल्ट मारला, तर प्रतिक्रियेची रेघ तुळईच्या बाहेर पडते आणि तुळई आतल्या बाजूला कलंडते. तिला वर आणि खाली, दोन्हीकडे धरावं लागतं. ३०० मि.मी.च्या अंतरावर १४.१ किलोन्यूटनची जोडी लागते. ड्रॉइंगवर वरचा आधार दाखवलेला नसेल, तर वरची सगळी तपासणी फोल आहे. आमच्या मते टॉर्शनच्या कामात सर्वाधिक चुका इथेच होतात, सूत्रात नाही.

आता आग.

युरोकोडच्या आगीच्या भागात कमी केलेल्या छेदाची पद्धत सोपी आहे. लाकूड जळतं, कोळसा होतो, कोळशाला ताकद नाही. ग्लुलॅमचा सॉफ्टवूड (देवदार-पाइनसारखं सूचिपर्णी लाकूड) मिनिटाला ०.७ मि.मी. या गतीने जळतो, आणि त्या गतीत कोपऱ्यांचं गोल होणं धरलेलं आहे. अखंड सॉफ्टवूडला ०.८. कोळशाच्या आत तापून नरम पडलेला थर म्हणून आणखी ७ मि.मी. कमी करायचे, २० मिनिटांनंतर पूर्ण ७. म्हणजे ३० मिनिटांना २८ मि.मी., ६० मिनिटांना ४९, ९० मिनिटांना ७०. उरलेल्या लाकडाची ताकद मात्र वाढवून मिळते: ग्लुलॅमला १.१५ पट, सुरक्षा गुणक १.०, मुदतीचा गुणकही १.०. आपल्या शिअरची ताकद २.१५ वरून ४.०३ वर जाते. भारही कमी धरतात, कायमचा पूर्ण आणि वापराच्या भाराचा घरासाठी ०.३. म्हणजे १०.८६ ऐवजी ४.८ किलोन्यूटन प्रति मीटर.

मग येतं ते वाक्य, ज्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. त्याच भागात लिहिलं आहे की आयताकृती आणि गोल छेदांत आगीत शिअरची तपासणी सोडून दिली तरी चालेल. शिअरसाठी ते बरोबर आहे. नेहमीच्या लाकडी तुळईत आगीत बेंडिंग आधी संपतं, शिअरला वाव राहतो. पण टॉर्शनची ताकद शिअरचीच ताकद वापरून काढतात, त्यामुळे कागदावर टॉर्शनही त्या वाक्याखाली झाकलं जातं. काही प्रोग्रॅम्समध्ये आगीची तपासणी चालू केली की शिअरचा रकाना बंद होतो आणि पिळाचा त्याच्यासोबत. कुणी मुद्दाम करत नाही. पण पीळ म्हणजे शिअर नव्हे. शिअर रुंदीवर जातो, पीळ रुंदीच्या वर्गावर, आणि आग नेमकी रुंदीच खाते, तीही दोन्ही बाजूंनी.

आपली तुळई तीन बाजूंनी उघडी आहे: दोन्ही अंगं आणि खालची बाजू. वर मजल्याच्या फळ्या, त्या ९० मिनिटं टिकतात असं धरू. ३० मिनिटांनंतर उरते १४४ × ३७२. ६० नंतर १०२ × ३५१. ९० नंतर ६० × ३३०. हे शेवटचं माप कागदावर काढून पाहावं. ४०० ची तुळई ३३० उंच राहिली आहे, पण २०० ची रुंदी ६० झाली आहे. बैलगाडीचं जू होतं, त्याची फळी झाली.

क्षेत्रफळ ९० मिनिटांना मूळच्या २५ टक्के उरतं. बेंडिंगचा सेक्शन मॉड्युलस २० टक्के. पिळाचा ९ टक्के. तीन आकडे एका ओळीत लिहिले की पुढचं सांगायची गरज उरत नाही.

तरी पूर्ण करू. आगीतला टोकाचा पीळ ४.८ × ०.१३ × ३, म्हणजे १.८७ किलोन्यूटन-मीटर. ३० मिनिटांना बेंडिंगचा वापर ०.२५, पीळ आणि शिअर मिळून ०.२३. ६० मिनिटांना बेंडिंग ०.४०, पीळ आणि शिअर ०.४५. इथे क्रम उलटला, पण दोन्ही अर्ध्याच्या आत असल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. ९० मिनिटांना बेंडिंग ०.७७, अजून चालतं. पिळाचा मॉड्युलस मात्र साडेतीन लाखांवर आला आहे, ताण ५.३४ न्यूटन/मि.मी.². उंची-रुंदीचं प्रमाण ५.५ झालं, के-शेप १.२७५, ताकद ५.१३. एकट्या पिळाचा वापरच १.०४, शिअरचा वर्ग ०.१६ धरून १.२१. तुळई नापास. बेंडिंगच्या कागदावर पास झालेली तुळई.

याच छेदाला जुना के-शेप लावला तर १ + ०.१५ × ५.५, म्हणजे १.८२५ मिळतो. पिळाचा वापर ०.७३, एकूण ०.८९, आणि तुळई पास. जळून उभट झालेल्या छेदाला जुनं सूत्र बक्षीस देतं, ते असं. म्हणून तो खाना पाहायला सांगितलं.

आणखी एक शंका आम्ही मनात ठेवतो. तापलेल्या थराचे ७ मि.मी. हे वाकणाऱ्या तुळयांच्या विचारातून आलेले आहेत. बेंडिंगचा सर्वाधिक ताण खालच्या आणि वरच्या कडेला. शिअरचा ताण रुंदीभर सारखाच पसरलेला, त्यातलं बरंचसं लाकूड आत थंड असतं. पीळ मात्र सर्वाधिक ताण लांब अंगाच्या पृष्ठभागावर देतो, म्हणजे कोळशाला लागून असलेल्या सर्वांत गरम लाकडात. म्हणून पिळाचा वापर आगीत ०.८ च्या वर जाऊ लागला की आम्ही छेद वाढवतो. हा नियमातला आकडा नाही, आमचा आहे.

सुटका कशी करायची, इथे मात्र भरपूर वाव आहे. बहुतेकांचा हात आधी उंचीकडे जातो, कारण बेंडिंगने तीच सवय लावली आहे. २०० × ५२० घेतली तर ९० मिनिटांना ६० × ४५० उरते, एकूण वापर ०.८२. लाकूड ३० टक्के जास्त. त्याऐवजी रुंदी ४० मि.मी.ने वाढवून २४० × ४०० घेतली, तर अंतर १३० चं १५० होतं, पीळ वाढतो, तरी उरलेला छेद १०० × ३३० चा आणि वापर ०.५८. लाकूड फक्त २० टक्के जास्त. कमी लाकडात जास्त फायदा, आणि कारण एकच, रुंदीचा वर्ग.

तिसरा मार्ग अंगावरचा. बाहेरचं अंग ९० मिनिटं टिकणाऱ्या भिंतीने झाकलं, तर आग एकाच बाजूने रुंदी खाते. उरतं १३० × ३३०. इथे एक बारकावा सुटतो: छेद आता एकाच बाजूने कमी झाला, म्हणून त्याचा मध्य बाहेरच्या दिशेने ३५ मि.मी. सरकतो. भार जिथे होता तिथेच आहे. अंतर १३० चं १६५ झालं, पीळ सत्तावीस टक्के वाढला. प्रोग्रॅम छेद कमी करतो, पण हे अंतर स्वतःहून वाढवत नाही, ते हाताने द्यावं लागतं. एवढं धरूनही वापर ०.४० येतो. झाकण्याचा फायदा मोठाच आहे.

जिप्सम बोर्डाने झाकायचं असेल तर हिशेब वेगळा. जाडीच्या २.८ पटीतून १४ वजा केले की लाकूड जळायला किती मिनिटांनी सुरुवात होते ते कळतं. १८ मि.मी.च्या बोर्डाला ३६ मिनिटं, १२.५ च्या बोर्डाला २१. बोर्ड गळून पडल्यावर लाकूड दुप्पट गतीने जळतं, पहिले २५ मि.मी. जळेपर्यंत, कारण ते आधीच तापलेलं असतं. शिवाय स्क्रूचं टोक न जळलेल्या लाकडात किमान १० मि.मी. असावं, नाहीतर बोर्ड वेळेआधीच खाली येतो. नव्वद मिनिटांसाठी एकाच थरावर अवलंबून राहू नये.

जोडणीचा विषय इथेच येतो, आणि तो टॉर्शनच्या आधी तुळईला संपवू शकतो. पत्र्याचा उघडा हँगर ९० मिनिटांच्या आगीत टिकत नाही. संरक्षण नसलेले खिळे आणि स्क्रू १५ मिनिटांसाठी, डॉवेल, म्हणजे भोकात ठोकलेल्या गुळगुळीत पिना, २० मिनिटांसाठी धरतात. म्हणजे ६० किंवा ९० मिनिटं मागितली की कडीच्या टोकात खाच पाडून आत धातूची पट्टी बसवावी लागते, सर्व बाजूंनी लाकूड शिल्लक ठेवून. कडी आणि तुळईमधली फट बंद करावी लागते, तिथून ज्वाळा आत शिरतात. जोडणी बदलली की पिळाचं अंतरही बदलतं. पट्टीतले डॉवेल जिथे आहेत तिथपर्यंत अंतर धरलं तर ते १३० च्या पुढे जाऊ शकतं. हँगरच्या अंतरावर केलेली आगीची तपासणी पट्टीच्या जोडणीला तशीच चिकटवू नये.

आणि टोकाचा तो वर-खालचा आधार, ज्याने तुळई धरली आहे. आगीत प्रतिक्रिया १५.४ किलोन्यूटन, पीळ १.८७, भागाकार १२१ मि.मी. उरलेली अर्धी रुंदी ३०. थंड असताना प्रतिक्रियेची रेघ २५ मि.मी. बाहेर होती, आता ९१. वरच्या आधाराचे बोल्ट जळाले की तुळई तुटायची वाट पाहत नाही, फिरून पडते. म्हणून वरचा आधार खांबाच्या खाचेत, लाकडाच्या आत घ्यावा. उघड्या कोनपट्टीवर सोपवू नये.

जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत हीच गोष्ट वेगळ्या रूपात समोर येते. कडीपाटाच्या बांधणीत कड्या तुळईच्या डोक्यावर बसतात, अंगाला लटकत नाहीत. भार मध्यातून खांबात उतरतो आणि तुळईला पीळ जवळजवळ नसतोच. दुरुस्तीत उंची वाचवायला नवीन कड्या तुळईच्या अंगाला हँगरने जोडल्या, किंवा नवी गॅलरी बाहेरून लटकवली, की शंभर वर्षं ज्या तुळईने पीळ पाहिला नव्हता तिला तो पहिल्यांदा सोसावा लागतो, तोही मधोमध भेग पडलेल्या अंगावर. सागवान दाट असल्यामुळे हळू जळतं. ४५० किलो प्रति घनमीटरच्या वरच्या हार्डवूडला युरोकोड मिनिटाला ०.५५ मि.मी. धरतो. पण रुंदीचा वर्ग सागवानालाही सुटत नाही. जमेल तिथे कडी डोक्यावरच ठेवावी. अंतर शून्य असेल तर पिळाचं सगळं गणित बंद करता येतं.

ड्रॉइंगवर आम्ही चार गोष्टी तुळईच्या शेजारीच लिहितो, वेगळ्या टिपेत नाही: कड्या कोणत्या बाजूने आहेत आणि भाराचं अंतर किती धरलं, किती मिनिटांची आग आणि कोणती अंगं उघडी, के-शेपचं कोणतं सूत्र, आणि वरच्या आधाराला किती किलोन्यूटन. सुतार पहिली ओळ वाचतो, आगीचा तपासनीस दुसरी. चौथी ओळ नसेल तर खांबावर वरची खाच पाडलीच जात नाही, आणि तुळई चढवल्यावर ती पाडायला जागा उरत नाही.